दुधासोबत दिलेलं औषध

आत्याबाईंनी मला एकदा विचारलं होतं, की गोळी पोटात गेल्यावर पुढे कुठं जाते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी तेव्हा सोनाळ्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि पोटाचा धडा दर वर्षी फळ्यावर आकृती काढून घेत होते, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी उत्तर दिलं. पुस्तकाप्रमाणे ते बरोबर होतं. तरी तो प्रश्न काही मिटला नाही. आता आत्याबाईही नाहीत. हे सगळं एकदा नीट क्रमानं लावावं म्हणून बसते, तर कुठली गोष्ट आधी झाली आणि कुठली नंतर, इथूनच गोंधळ सुरू होतो. तरी लिहून पाहते.

सुरुवात बहुतेक गजकर्णापासून करावी लागेल.

महाराष्ट्र होऊन फार काळ झाला नव्हता. मी दुसरबीडची, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. लग्न होऊन सोनाळ्याला आले तेव्हा इथल्या 'मले-तुले'त माझं 'मला-तुला' ऐकून गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मॅट्रिक झालेली सून दुपारी पुस्तक घेऊन बसते, याचं आत्याबाईंना थोडं हसू आणि थोडं कौतुक होतं. माझे यजमान शेती पाहायचे. विहिरीवरून संत्र्याच्या झाडांना पाणी देताना दिवस दिवस ओल्या धोतरात राहायचे. त्यातून त्यांच्या कमरेला गजकर्ण झालं आणि हळूहळू पाठीपर्यंत चढलं. गंधक लावून झालं, निंबाचा पाला वाटून झाला, बाजारातल्या डबीतलं काळं मलम लावून झालं. खाज काही जाईना. पारावर बसले की मित्र म्हणायचे, "काऊन बे, कमरेवर तबला वाजवून राह्यला काय? आम्हालेबी ऐकू दे."

शेवटी एका बाजाराच्या दिवशी आत्याबाई त्यांना घेऊन वरवट बकालच्या डॉक्टरांकडे गेल्या. मीही सोबत होते. डॉक्टरांनी पाठ पाहिली आणि गोळ्या काढल्या. म्हणाले, ही नवीन गोळी आहे, लावायची नाही, पोटात घ्यायची.

"खाज कमरेले अन् गोळी पोटात?" आत्याबाई म्हणाल्या.

"पोटातून रक्तात जाते आजी, आणि रक्तातून कातडीत. पण एक लक्षात ठेवा, कोरड्या पोटी द्यायची नाही. तूप खाऊ द्या, साय असलेलं दूध पिऊ द्या, त्यासोबत गोळी. तेलातुपाबिगर ही गोळी अंगात उतरत नाही. नुसती घेतली तर आली तशी निघून जाईल."

परतताना आत्याबाई वाटभर त्या डॉक्टरांचं कौतुक करत होत्या. शहाणा माणूस आहे, म्हणाल्या, दुधाची गोष्ट त्याला समजते. कारण त्यांचं स्वतःचं मत आधीपासून तेच होतं. डॉक्टरी गोळी गरम असते, पोट जाळते, म्हणून तिला दुधानं थंड करायचं. हे माझ्या आईच्या घरीही असंच होतं, आणि मला वाटतं आमच्या सगळ्या भागात असंच आहे. डॉक्टर स्निग्धपणाचं सांगत होते आणि आत्याबाई गरम-थंडाचं ऐकत होत्या. दोघांचंही बोट दुधाच्या पेल्याकडेच होतं. त्यामुळे दोघं वेगळं काही बोलत आहेत, हे त्यांनाही कळलं नाही आणि मी शेजारीच बसले होते तरी मलाही नाही.

गोळीनं गुण आला. वेळ लागला, पण पाठीवरची ती लाल कडी फिकट होत होत गेली आणि खाली साधी कातडी निघाली. आत्याबाईंनी ती गल्लीतल्या सगळ्यांना दाखवली. यजमान सदरा वर धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "तिकीट लाव माय, फुकट कायले दाखवतं?" तेव्हापासून आत्याबाईंच्या बोलण्याला वजन आलं. कुणाच्या घरी औषध आलं की बाया आमच्या ओसरीवर यायच्या, आणि आत्याबाई सांगायच्या, "गोळी दुधाबिगर देऊ नोको. आमच्या पोराची पाठ पाह्य."

त्यानंतरच्या थंडीत यजमान आजारी पडले. त्यानंतरची की आणखी पुढची, इथंही माझं नक्की होत नाही. म्हैस नुकतीच व्यालेली होती, एवढं आठवतं, कारण दूध घट्ट आणि भरपूर होतं. ताप, खोकला आणि एका बाजूच्या बरगडीत अशी कळ की श्वास अर्ध्यात थांबायचा. त्यांचे एक मित्र सायकलवर वरवटला गेले, डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि औषध घेऊन आले. कागदाच्या पुडीत लाल-पिवळ्या कॅप्सूल होत्या. आम्ही अशा कधी पाहिल्या नव्हत्या. आत्याबाईंनी एक हातात घेऊन उन्हात धरली. "डबीतली गोळी," त्या म्हणाल्या. "महाग दिसते."

औषध ठरावीक वेळांनी द्यायचं होतं. आत्याबाईंनी ते काम कुणाला दिलं नाही. वेळ झाली की पितळी पेल्यात दूध, वर साय, आणि पेला रिकामा होईपर्यंत त्या उशाशी उभ्या.

"माय, मी पारडू हाव काय वं?" यजमान म्हणायचे.

"पारडू बरं. ते चूपचाप पेते."

मला तो पेला दिसतो. त्यांच्या मिशीला लागलेली साय दिसते. मध्ये एक दिवस ताप उतरल्यासारखा झाला, ते उठून बसले आणि भाकर मागितली. मग पुन्हा ताप चढला आणि श्वास लागायला लागला. खामगावला नेलं. तिथंच गेले.

त्यानंतर घरात आम्ही दोघीच. शेती बटाईनं दिली. माझं मॅट्रिक उपयोगी पडलं, मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली. लोक सुरुवातीला म्हणायचे, ही आता दुसरबीडला निघून जाईल. मी का गेले नाही, याचं कारण मला देता येणार नाही. आत्याबाईंनी जा म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. सकाळी शाळेत निघताना डबा बांधून दाराशी ठेवलेला असायचा.

एका दुपारी मी पुठ्ठ्यावर पोटाची आकृती काढत होते आणि त्या समोर सुपात तूर निवडत होत्या. मान लांब करून त्यांनी पाहिलं.

"हा काय, भोपळा हाय?"

"जठर आहे, आत्याबाई."

"अन् हे दोरखंड?"

"आतडी."

थोडा वेळ त्या तूर निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू पोरीईले हे शिकवतं. मंग मले सांग, गोळी पोटात गेल्यावर कुठं जाते?"

मी सांगितलं. गोळी आधी पाण्यात विरघळते. आतड्याची भिंत पातळ असते, धुवट फडक्यासारखी, आणि तिच्या पलीकडे रक्त वाहत असतं. जे विरघळलं ते त्या भिंतीतून झिरपतं आणि रक्तासोबत अंगभर जातं.

"अन् जे झिरपत नाही?"

"ते बाहेर पडतं."

"म्हंजे गोळी गिळली म्हंजे अंगात गेली, असं नाही."

"नाही."

त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "त्याची काऊन नाही झिरपली?"

आजार मोठा होता, असं काहीतरी मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. त्या मला विचारत होत्या की स्वतःशी बोलत होत्या, हे तेव्हाही कळलं नव्हतं.

त्या वेळी मला खरंच दुसरं उत्तर माहीत नव्हतं. ते नंतर आलं, आणि माझ्याच पायाच्या निमित्तानं आलं. पायाला जखम होऊन ती चिघळली होती. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर नवीन आले होते, त्यांना पाय दाखवला. त्यांनी लाल-पिवळ्या कॅप्सूल दिल्या आणि म्हणाले, "पाण्यासोबत घ्या बाई. दुधासोबत घेऊ नका."

मी विचारलं, का.

"दुधात चुना असतो. हे औषध त्या चुन्याला जाऊन चिकटतं. मग ते आतड्यातून रक्तात जाऊ शकत नाही, चुन्यासोबत बाहेर निघून जातं."

"सगळं?"

"सगळं नाही. थोडं जातं. पण पाहिजे तेवढं जात नाही."

"गजकर्णाच्या गोळीला तर दूध-तूप लागतं म्हणतात."

ते हसले. "बाई, सगळ्या गोळ्यांची पंगत एक नसते. एकीला तुपाचं जेवण लागतं, दुसरीला उपास."

मी बाहेर आले. उन्हात बराच वेळ उभी होते. घराकडे जायच्या ऐवजी शाळेकडे चालू लागले आणि फाटकाला कुलूप पाहिल्यावर लक्षात आलं, की शाळेला सुट्टी लागलेली आहे.

खरं तर मला काहीच कळलं नव्हतं. यजमानांना दिलेली कॅप्सूल हीच होती का? रंग तोच होता, पण लाल-पिवळ्या रंगाची औषधं किती असतील. वरवटच्या डॉक्टरांना विचारावं, तर ते दवाखाना बंद करून आपल्या गावी गेले होते, ते गाव कुणाला ठाऊक नव्हतं. सायकलवरून औषध आणणाऱ्या त्या मित्रांना मी वाटेत गाठून विचारलं, की डॉक्टर दुधाबद्दल काही म्हणाले होते का. ते खूप वेळ आठवत राहिले. "वहिनी, मले नाही आठवत. म्हटलं असन त म्हटलं असन. मी सायकल हाणायच्या घाईत होतो." मग त्यांचा चेहरा असा झाला, की मीच विषय बदलला.

आणि थोडं म्हणजे किती? एक दिवस ताप उतरला होता, तो त्या थोड्यानं उतरला होता का? पाण्यासोबत दिलं असतं तर ते वाचले असते, की तो आजार कुठल्याही औषधाला ऐकणारा नव्हता? मी हे दोन्ही बाजूंनी मांडून पाहायची. ज्या बाजूनं मांडायला बसे, ती बाजू मला पटायची.

यातलं एक मात्र स्पष्ट होतं. हे आत्याबाईंना कळलं, तर त्यांच्या हातात तो पेला कायमचा राहील. मुलाच्या तोंडाला तो त्यांनीच लावला होता, आणि घरातलं सगळ्यात चांगलं म्हणून लावला होता. त्यांना सांगायचं नाही, असं मी ठरवलं. पण ते तसं सोपं नव्हतं, कारण गल्लीतल्या बाया अजून येत होत्या आणि आत्याबाई अजून दूधच सांगत होत्या. एकदा शेजारची एक बाई मुलासाठी आणलेलं औषध दाखवायला आली. आत्याबाईंनी नेहमीसारखं सांगितलं. ती निघाली तशी मी पाणी आणायचं निमित्त करून मागोमाग गेले आणि फाटकाशी हळूच म्हणाले, "डॉक्टरांना विचारून द्या. बहुतेक पाण्यासोबतच." परत वळले तर आत्याबाई दारात उभ्या होत्या. माझ्या हातातल्या रिकाम्या कळशीकडे त्यांनी पाहिलं आणि आत गेल्या. त्यांनी ऐकलं होतं का, मला माहीत नाही.

मग त्यांनाच ताप आला. खोकला होता आणि छातीत घरघर. मी तरुण डॉक्टरांना घरी घेऊन आले. त्यांनी तपासलं, घाबरायचं कारण नाही म्हणाले, आणि औषध दिलं. मी त्यांना रस्त्यापर्यंत पोचवून परत येईपर्यंत आत्याबाईंनी उठून चुलीवर दूध ठेवलं होतं आणि पुन्हा येऊन खाटेवर बसल्या होत्या.

मी कॅप्सूल त्यांच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा गिलास पुढे केला.

"दूध तापून राह्यलं नं तिथं," त्या म्हणाल्या.

"ही पाण्यासोबत घ्यायची आहे."

"काऊन?"

मी गिलास आणखी पुढे केला. त्यांनी तळहातावरची कॅप्सूल बोटानं उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग उजेडाकडे धरली, तेव्हा धरली होती तशी.

"तशीच हाय," त्या म्हणाल्या.

"असा रंग पुष्कळ औषधांचा असतो, आत्याबाई."

"तशीच हाय, का तीच हाय?"

"मला माहीत नाही."

हे खरं होतं. पण खरं म्हणून मी ते बोलले की लपायला जागा म्हणून, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

"अन् तीच असन त?"

चुलीवरचं दूध वर येत असल्याचा वास येत होता. मी म्हणाले, "तर दुधानं थोडी अडली असेल. थोडी गेली असेल."

"किती?"

"तेही माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगता येणार नाही."

त्यांनी कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि गिलासभर पाणी सावकाश प्यायल्या. गिलास मला परत दिला.

"दूध उतरव," त्या म्हणाल्या. "उतू जाईन."

मी आत गेले आणि दूध उतरवलं. परत आले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. त्या रडत होत्या का, हे पाहायला मी वाकले नाही.

त्या बऱ्या झाल्या. या गोष्टीवर पुढे एक शब्दही बोलल्या नाहीत. मला वाटायचं, आज बोलतील, उद्या बोलतील. मग वाटायचं, त्यांना नीट समजलंच नसेल, तापात होत्या, विसरल्याही असतील. पण विसरल्या म्हणावं, तर डॉक्टर आले की प्रत्येक औषधाला त्यांचा एक प्रश्न असायचा. "हिचं सासर कोनतं? दूधवालं का पाणीवालं?" डॉक्टरांना याची मजा वाटायची. ते सांगायचे, ही पाणीवाली, ही जेवणानंतरची. एकदा आत्याबाईंनी विचारलं, "पाणीवाली गोळी घेतल्यावर दूध कधी पेता येते? का जल्मात नाही?" डॉक्टर म्हणाले, "असं नाही आजी. गोळी आत जाईपर्यंत जरा दम धरायचा. मग खुशाल प्या." गल्लीतल्या बाया औषध घेऊन आल्या तर आत्याबाई म्हणायच्या, "मले काय पूसतं? डाक्टरले पूस." एखादी म्हणायची, "पह्यले त तुमीच सांगत होत्या." तर म्हणायच्या, "पह्यले मी डाक्टरीन होती. आता डाक्टरी सोडली." आणि हसायच्या. ते हसणं खरं वाटायचं. म्हणून माझा गोंधळ आणखी वाढायचा.

मग आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखजीला पितरांच्या नावानं कुंभाराकडची नवी घागर पाण्यानं भरून ठेवतात आणि पुढे पान वाढतात. शेवया, कुरडई, चिंचवणी, जे असेल ते. यजमानांच्या पानात शेवयांवर दूध भरपूर असायचं, त्यांना तशाच आवडायच्या. शेवया पार बुडेपर्यंत आत्याबाई ओतायच्या. त्या वर्षी मी नेहमीसारखा दुधाचा तांब्या उचलला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"कोरड्या ठिव. पह्यले घागरीचं पाणी वाहा."

मी पळीनं पाणी वाहिलं.

"आता दूध?"

"थांब जरासक."

"किती वेळ?"

"मी सांगतो नं."

आम्ही दोघी पानासमोर बसून राहिलो. बाहेर ऊन तापलं होतं. कुरडईवर माश्या येत होत्या, आत्याबाई त्यांना पदरानं हाकलत होत्या. शेजारच्या म्हातारीनं दारातून डोकावून विचारलं, "काऊन वं बुढे, यंदा दुधाले मुहूर्त लागते काय?"

"हाव," आत्याबाई म्हणाल्या. "लागते."

बऱ्याच वेळानं त्या उठल्या, तांब्या स्वतः घेतला आणि शेवया बुडेपर्यंत दूध ओतलं.

पुढे दर वर्षी असंच झालं. आधी पाणी, मग ती दम धरून बसण्याची वेळ, मग दूध. मी कधी विचारलं नाही. त्यांना सगळं समजलं होतं, हे मला त्या मनगट धरण्यातून कळलं, असं मी कितीदा तरी मनाशी म्हटलं आहे. पण काय समजलं होतं? आपल्या हातून झालं, हे? की आता तरी त्याचं औषध त्याला लागू दे, हे? की डॉक्टरांनी सांगितलेला एक नियम, जो जिवंत माणसांसाठी होता, तो त्यांनी गेलेल्यालाही लावून टाकला, एवढंच? मी शाळेत शिकवलेलं ते पोट त्या पानासमोर कुठंच बसत नाही. तरी मी त्यांच्या शेजारी बसायची आणि मलाही वाटायचं, आत्ताच दूध नको, अजून थोडा वेळ जाऊ दे.

गेल्या आखजीनंतर थोड्याच दिवसांनी आत्याबाई गेल्या. वय झालं होतं, आजार असा काही नव्हता. शेवटी शेवटी औषधही नको म्हणायच्या.

उद्या आखजी. या वर्षी पानं दोन. घागर आणून ठेवली आहे, शेवया आहेत. त्यांच्या पानाचं काय करायचं, ते ठरवते म्हणते आणि ठरत नाही. मुलाच्या पानासारखंच थांबायचं, की त्यांना दूध लगेच द्यायचं? त्यांना दूध आवडायचं. ते सायीचं दूध त्यांनी त्या तापानंतर घेतलेलं मला आठवत नाही. पण आठवत नाही म्हणजे घेतलंच नाही, असं मला म्हणता येत नाही.

म्हैस केव्हाच विकली. दूध गवळ्याकडून येतं. तो सकाळी आला होता, त्याला सांगितलं, उद्या उशिरा ये.

"काऊन बाई? सणाच्या दिवशी त लोक लवकर बलावतात."

"घागर भरून होऊ दे," मी म्हणाले. "त्यानंतर जरा वेळानं आण."